दिवाळीच्या सुट्टीत मुलांसह सायकलभटकंती : सांगलीहून कमी खर्चात कुठवर जाता येईल?

विश्रामबागकर

यंदा दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाण्याचा आमचा बेत होता. परंतु चौघांचे येणे-जाणे, दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवणखाण यांचा हिशेब कागदावर मांडल्यावर तो बारगळला. मुलांना हे सांगितले तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीने विचारले, “मग आपण सायकलने कुठे तरी जाऊ या का?” त्या प्रश्नाला मला तत्काळ उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घरातील परिस्थिती अशी आहे. माझी महाविद्यालयाच्या दिवसांतील बावीस इंची काळी सायकल जिन्याखाली धूळ खात उभी आहे. मुलीची वीस इंची तिला आता आखूड पडते. सहा वर्षांच्या मुलाकडे सोळा इंची असून तिची बाजूची चाके गेल्या मे महिन्यातच काढली आहेत. पत्नीने बारा वर्षांत सायकलला हात लावलेला नाही, पण तिची तयारी आहे. संपूर्ण सुट्टीसाठी तीन हजार रुपये खर्च करता येतील. त्यापेक्षा अधिक नाही.

मनात हरिपूर, औदुंबर, नरसोबाची वाडी आणि दंडोबा ही ठिकाणे आहेत. यांपैकी काय जमण्यासारखे आहे? मुलीसाठी गिअरची नवी सायकल घेणे आवश्यक आहे का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आरे आणि छर्रे

नवी सायकल घेऊ नका. तीन हजारांत गिअरची म्हणून जी सायकल मिळते, तिचे गिअर महिन्याभरात कुरकुरू लागतात, आणि सांगलीसारख्या सपाट गावात त्यांचे काम तसे थोडेच असते. आपल्याकडे असलेल्या तीन सायकली नीट केल्या आणि एक जुनी मिळवली, तर पैसे उरतील.

पहिली गोष्ट, काळ्या सायकलीचे ओव्हरहॉलिंग करून घ्या. बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या सायकलीत ग्रीस वाळून घट्ट झालेले असते. पुढच्या-मागच्या एक्सलमधील आणि पायडलच्या मधल्या एक्सलमधील छर्रे काढून रॉकेलऐवजी हल्ली डिझेलमध्ये धुतात, झिजलेले बदलतात आणि नवे ग्रीस भरतात. चाकांची आउट काढून घ्या, म्हणजे डगमगणारी चाके सरळ करून घ्या. टायरच्या बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडल्या असतील, तर टायर वरून कितीही चांगला दिसला तरी बदला, कारण दहा किलोमीटरवर टायर फाटला, तर चौघांनाही सायकली ढकलत परत यावे लागते. मुलीला हीच सायकल देण्याचा मोह होईल, तो टाळा. वरच्या दांड्यावरून पाय न टेकणारी सायकल आपण सर्वांनी कैची मारून चालवली हे खरे असले, तरी रहदारीत अचानक थांबायचे झाल्यास दोन्ही पाय जमिनीला लागलेच पाहिजेत. तिच्यासाठी चोवीस इंची जुनी शोधा. भाऊबंदांत, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा दुरुस्तीच्या दुकानामागे अशा सायकली पडलेल्या असतात, कारण मुले दोन वर्षांत सायकलीपेक्षा उंच होतात आणि सायकल मात्र तशीच राहते.

धाकट्याच्या सायकलीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण लोकांचे दुर्लक्ष नेमके तिथेच होते. सोळा इंची सायकल जड असते. माझ्या पुतण्याची मी धान्याच्या दुकानातील काट्यावर ठेवून पाहिली, ती अकरा किलो भरली. पुतण्या स्वतः वीस किलोंचा होता. मोठ्या माणसाला त्या प्रमाणात चाळीस किलोंची सायकल चालवायला दिली, तर तो पहिल्या कोपऱ्यावरच थांबेल. म्हणून तिच्यावरचे अनावश्यक ओझे उतरवा : टोपली, मागची शोभेची सीट, प्लॅस्टिकची कव्हरे, सगळे. चेन शिलाई मशीनच्या तेलाने नीट पुसून घ्या. हवा टायरवर छापलेल्या मापाइतकी भरा. मुलांच्या चाकांत हवा कमी असली, तरी ती कमी आहे हे मूल सांगत नाही, ते फक्त “पाय दुखतात” असे म्हणते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. ब्रेकच्या दांडीपर्यंत त्याची बोटे पोहोचतात का आणि एका हाताच्या जोराने चाक थांबते का, हे त्याला उभे करून तपासा. बहुतेक ठिकाणी केबल गंजल्यामुळे ब्रेक इतका घट्ट असतो की मूल तो वापरतच नाही आणि चप्पल घासून थांबते. केबल बदलायला फारसा खर्च येत नाही. दांडीच्या मुळाशी छोटा स्क्रू असेल, तर तो आवळून दांडी हँडलच्या जवळ आणता येते.

पंक्चरचे साहित्य बरोबर ठेवा आणि ते मुलीला शिकवा. आपल्या भागात बाभळीच्या काट्यापेक्षा सराटा अधिक त्रास देतो. ट्यूबला ठिगळ लावण्यापूर्वी टायरच्या आतून कापडाची चिंधी फिरवून काटा शोधून काढावा, अन्यथा शंभर पावलांवर पुन्हा हवा जाते. काचकागदाने घासून सोल्युशन लावल्यावर ते सुकेपर्यंत थांबावे लागते. घाई करणाऱ्याचे ठिगळ निघते.

गळीत हंगाम

मी साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी करतो आणि वर्षातील चार महिने ऊस वाहतुकीत काढतो, म्हणून मला दुसऱ्याच बाजूने लिहावेसे वाटते. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते आणि त्या दिवसापासून वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील रस्ते एरवीसारखे राहत नाहीत. ज्या रस्त्यावरून मे महिन्यात मुलाला बिनधास्त नेले, त्याच रस्त्यावरून नोव्हेंबरमध्ये नेता येईल असे गृहीत धरू नका.

दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भरलेला असताना चटकन थांबू शकत नाही. ट्रॉलीच्या बाहेर उसाची टोके फूट-दीड फूट लोंबत असतात आणि वळणावर मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीपेक्षा आत येते. चालकाने मोठ्या आवाजात गाणी लावलेली असल्यास तुमची घंटी त्याला ऐकू जाणे शक्य नाही. त्यामुळे ट्रॅक्टर मागून आला काय किंवा समोरून आला काय, मुलांनी सायकलवरून उतरून डांबराच्या खाली, साइडपट्टीच्याही पलीकडे उभे राहावे, हा नियम घरातून निघण्यापूर्वीच घालून द्यावा. चालता चालता कडेला घेण्याचा प्रयत्न करू नये. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात चार-सहा इंचांची खाच असते; लहान चाक त्या खाचेत गेले, की मूल रस्त्याच्या बाजूला पडते, आणि ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

माझ्या अनुभवानुसार ऊसतोड सकाळी चालते आणि भरलेली वाहने दुपारनंतर अधिक प्रमाणात रस्त्यावर येतात. तेव्हा सकाळी उजाडताच निघून अकरापर्यंत घरी परतणे उत्तम. संध्याकाळची फेरी या दिवसांत नकोच. सहाच्या सुमारास अंधारते आणि सर्व ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर असतात असे मी, त्या धंद्यात असूनही, म्हणू शकत नाही.

आणखी एक. कोणी तरी आता कालव्याच्या भरावावरचा रस्ता सुचवील, कारण तो सपाट असतो आणि तिथे वाहने नसतात. परंतु त्याला कठडा नसतो, कालव्याचे काठ उतरते असतात आणि वाहत्या पाण्यात पडलेल्या मोठ्या माणसालाही त्या उतारावरून वर येणे कठीण जाते. सहा वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नये.

विश्रामबागकर

कालव्याचा रस्ता मी खरोखरच सुचवणार होतो. वेळेवर सांगितलेत, आभारी आहे.

माधवनगरची आई

माझी दोन मुले आता मोठी झाली आहेत. परंतु ती सहा आणि नऊ वर्षांची असताना आम्ही तीन सुट्ट्या सायकलवर घालवल्या. त्यातून मला कळलेली गोष्ट एवढीच, की अंतर जातानाच्या उत्साहावर मोजू नये. मूल जाताना कधीच थकत नाही. नवीन रस्ता असतो, पुढे काय आहे याची उत्सुकता असते, आणि आईवडील ते पाहून “अजून दोन किलोमीटर जाऊ” असे म्हणतात. येताना तोच रस्ता असतो, ऊन चढलेले असते, वारा समोरून असतो. आमची पहिली औदुंबरची मोहीम अशीच नांद्र्याच्या अलीकडे संपली. धाकटा रस्त्याच्या कडेला बसला आणि उठेना. शेवटी त्याची सायकल एका ओळखीच्या दूधवाल्याच्या टेम्पोत टाकून दिली आणि त्याला मी कॅरिअरवर बसवून आणले.

त्यानंतर मी एक ठोकताळा ठरवला. शाळेतून आल्यावर मूल आपण होऊन, कोणी न सांगता, गल्लीत जितका वेळ सायकल चालवते, तितक्याच वेळात पोहोचता येईल इतके दूर जायचे. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे अंतर साधारण चार-पाच किलोमीटर निघते. म्हणजे तुमच्या यादीतील फक्त हरिपूर आज तुमच्या आवाक्यात आहे. दंडोबा विसरा, मिरज-पंढरपूर रस्त्यावरील वाहने आणि शेवटचा चढ दोन्ही मुलांना जड जातील. वाडीसाठी कोल्हापूर रस्त्याचा तुकडा लागतो, तोही नको.

परंतु हरिपूर म्हणजे काही तरी कमी पदरात पडले, असे मुळीच समजू नका. सकाळी सात वाजता गावातून गणपती मंदिरावरून निघून नदीच्या बाजूने हरिपूरला जावे. तिथे संगमेश्वराच्या घाटावर बसले, की वारणा कृष्णेला मिळते ते समोर दिसते, आणि दोन पाण्यांचे रंग वेगळे असतील त्या दिवशी मुले अर्धा तास जागची हलत नाहीत. त्याच गावात जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे होती. वर छोटे तोंड आणि आत माणूस उभा राहील एवढी पोकळी, अशी ती रचना. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यांतील बरीचशी निकामी झाली. गावातील एखाद्या वृद्ध गृहस्थांना विचारले, तर ते पेव कसे भरत आणि बंद केलेले पेव उघडल्यावर लगेच आत का उतरत नसत, हे मोठ्या हौसेने सांगतात. आमच्या थोरल्याने ते ऐकून घरी आल्यावर अंगणात खड्डा खणला होता. ते वेगळे प्रकरण आहे.

खाण्याचे म्हणाल तर बाहेर काहीही विकत घेऊ नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि भडंगाची पुडी एवढे पुरते. भडंग पहिल्या थांब्यावर काढू नये, ते परतीसाठी ठेवावे. त्याच्या आशेवर शेवटचे दोन किलोमीटर निघतात. पाणी मात्र प्रत्येकाने आपापले वाहावे. लहान मुलाला स्वतःची बाटली स्वतः वाहिल्याचा जो अभिमान वाटतो, तो हिशेबात धरा.

आरे आणि छर्रे

ताई, तुमचे सगळे पटले, एक सोडून. मुलाला नुसत्या कॅरिअरवर बसवून आणू नये. पेंगुळलेल्या मुलाचा पाय मागच्या चाकाच्या आऱ्यांत जातो आणि टाच सोलून निघते. ही दुखापत आपल्याकडे फार सर्रास होते. बसवायचेच असेल, तर चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि पाय ठेवायला पावठण्या हव्यात.

माधवनगरची आई

मान्य आहे. त्या दिवशी मी त्याचे दोन्ही पाय ओढणीने कॅरिअरच्या दांड्यांना सैलसर बांधले होते आणि बरेच अंतर सायकल हातात धरून चालत आणली होती. तरीही ते चुकीचेच होते, कारण सायकल पडली असती तर त्याला पाय सोडवता आले नसते.

साताऱ्याचा चढ

आपण सांगलीकर सपाटीवर राहता, हे आपले भाग्य आहे. आमचा सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेला. इथे भाजी आणायला जायचे तरी एक वेळ चढ लागतोच. त्यामुळे आम्ही मुलांसाठी संगम माहुली निवडतो, पण उलट्या क्रमाने. शहरातून माहुलीपर्यंत साधारण पाच किलोमीटर बहुतांशी उतार आहे, म्हणून येताना चढ. जाताना मुले खुशीत असतात आणि परतताना रडतात, असे दोन वेळा झाल्यावर मी परतीसाठी ओळखीच्या छोट्या टेम्पोवाल्याशी ठरवून टाकले. दोन कुटुंबांत भाडे वाटून घेतल्यास ते फार पडत नाही. मुलांनी परतीचा रस्ताही सायकलनेच करावा असा नियम कोणी केला आहे?

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, देवळे सुरेख आहेत. परंतु मुलांना त्यांतील काहीही आठवत नाही. त्यांना आठवते ती साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी कथा सांगतात. माझी मुलगी दर वेळी तिथे बिस्किटाचा तुकडा ठेवून येते.

मुले दहा वर्षांपुढची असतील, तर लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर पाहण्यासारखी आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ती बांधली असे सांगतात. विहिरीतच महाल आहे. साताऱ्याहून अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. मात्र पुणे-बंगळूर महामार्गावरून मुलांना एक फर्लांगही नेऊ नये. सेवा रस्ता धरावा आणि भुयारी मार्गातून सायकली हातात घेऊन ओलांडावे.

गळीत हंगाम

परतीसाठी टेम्पो ही कल्पना सांगलीकरांनीही उचलण्यासारखी आहे. औदुंबरसाठी असे करता येईल : वडील आणि मुलगी उजाडताच सायकलने निघतील, आई आणि धाकटा एसटीने भिलवडीला येतील. कर्नाळ, नांद्रे, वसगडे या मार्गाने पंचवीसेक किलोमीटर पडतात. अकरा वर्षांच्या मुलीला चार टप्प्यांत ते जमावे, पण गाळप जोरात सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. भिलवडीहून पूल ओलांडून अंकलखोपच्या बाजूने औदुंबर. परतीला सायकली टेम्पोत.

विश्रामबागकर

सुट्टी संपत आली आहे, म्हणून झालेला हिशेब आणि वृत्तांत देतो.

काळ्या सायकलीचे ओव्हरहॉलिंग, दोन टायर आणि ट्यूब मिळून अकराशे रुपये झाले. मुलीसाठी मावसभावाच्या घरून चोवीस इंची फुकट मिळाली. तिच्या ब्रेकच्या केबल आणि चेन यांना दोनशे ऐंशी लागले. पत्नीने शेजारणीची सायकल मागून घेतली. धाकट्याची केबल, पंप आणि पंक्चरचे साहित्य यांत साडेतीनशे गेले. औदुंबरच्या परतीच्या टेम्पोला आठशे आणि एसटीचे तिकीट वेगळे. सहा-सात दिवसांची सुट्टी तीन हजारांच्या आत बसली.

हरिपूरला आम्ही एकदा नव्हे, चार वेळा गेलो. पहिल्या दिवशी धाकटा साडेतीन किलोमीटरवर “आता मी इथेच राहतो” असे म्हणून एका कट्ट्यावर बसला. आम्हीही बसलो. वीस मिनिटांनी तो आपोआप उठला आणि पुढे निघाला. माझ्या घड्याळाप्रमाणे त्या फेरीचा वेग पायी चालण्यापेक्षा थोडाच अधिक होता. मला सुरुवातीला त्याचा वैताग आला हे कबूल करतो. दुसऱ्या फेरीपासून मात्र मी घड्याळ घरी ठेवू लागलो. तिसऱ्या फेरीत तो न थांबता पोहोचला आणि पेवांबद्दल सांगणाऱ्या आजोबांना त्याने विचारले की, आत साप गेला तर तो हळदीने पिवळा होईल का?

एका सकाळी आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला गेलो. पूल १९२९ चा आहे, हे मुलीला शाळेत सांगितले होते. परंतु पाण्याची पातळी फुटांत का सांगतात, हे तिला तिथे उभे राहून विचारावेसे वाटले. चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसवर धोका, हे सांगून २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले होते असे म्हटल्यावर ती बराच वेळ खाली पाहत राहिली. तिचा जन्म त्याच्या आधीचा, पण आम्ही घर सोडून मिरजेला राहिलो होतो ते तिला आठवत नाही.

औदुंबरला मुलगी आणि मी पावणेसातला निघून साडेदहाच्या सुमारास पोहोचलो. वसगड्याच्या अलीकडे सराटा लागला. मी सायकल उलटी करेपर्यंत तिने टायरची एक बाजू सोडवली होती. चिंधी तिनेच फिरवली, काटा तिलाच सापडला; सोल्युशन सुकेपर्यंत थांबायला मात्र ती तयार नव्हती आणि ठिगळ निघाले. दुसऱ्यांदा तिने मनात शंभर अंक मोजले. वाटेत तीन ट्रॅक्टर भेटले, तिन्ही रिकामे. तरीही आम्ही दर वेळी उतरून उसाचे वाढे पडलेल्या बांधावर उभे राहिलो, आणि एका चालकाने हात करून दाखवला. घाटावर आई आणि भाऊ आधीच येऊन बसले होते. पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचे देऊळ दिसत होते आणि धाकट्याची एकच तक्रार होती, की ताईला पंक्चर झाले आणि मला का नाही.

आता मुलीने किर्लोस्करवाडी असे नाव काढले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला, हे मी तिला वाटेत सांगितले होते, ती माझीच चूक. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सहाला निघून नऊच्या आत किर्लोस्करवाडीजवळच्या पलूसपर्यंत पोहोचणे तिला शक्य होईल का, आणि एप्रिलमध्ये त्या रस्त्याला सावली कितपत असते, हे त्या बाजूच्या मंडळींनी सांगावे.

गळीत हंगाम

वसगड्यापर्यंत बरी आहे. पुढे पाणी जास्त घ्या, आणि एप्रिलऐवजी मार्चअखेरची एखादी रविवारची सकाळ पाहा; तोवर आमच्या ट्रॉल्याही बहुधा उभ्या राहिलेल्या असतील.